उत्तम दर्शनस्थान कोणते? : एडिंबरोच्या तीन दर्शनांचा विचार

१

एखादे नगर कोठून पाहिले असता उत्तम दिसते, हा प्रश्न वरकरणी प्रवाशाच्या सोयीचा आहे. मार्गदर्शिका टेकड्यांची, मनोऱ्यांची व पुलांची यादी देऊन त्याचे उत्तर देतात आणि वाचकही त्या यादीवर समाधान मानतो. परंतु हाच प्रश्न एखादा समर्थ लेखक विचारतो आणि त्याचे उत्तर कारणांसह देतो, तेव्हा तो वाङ्मयविचाराचा प्रश्न होतो. 'उत्तम' या विशेषणात एक निकष गृहीत असतो. आणि निकष सांगितला की, पाहणाऱ्याने काय पाहावयाचे ठरविले आहे आणि काय दृष्टीआड करावयाचे ठरविले आहे, हेही उघड होते. नगरवर्णनाचे परीक्षण करताना वर्णनातील शब्दकळेकडे जितके लक्ष जाते, तितके वर्णनकर्त्याच्या उभे राहण्याच्या जागेकडे जात नाही. वस्तुतः ती जागा हाच त्या वर्णनाचा पाया होय.

या विचारासाठी मराठीत दोन शब्द आयतेच उपलब्ध आहेत. एक 'विहंगमावलोकन' आणि दुसरा 'सिंहावलोकन'. रोजच्या व्यवहारात दोन्ही शब्द 'आढावा' या एकाच अर्थाने वापरले जातात. पण त्यांच्या मुळाशी असलेल्या प्रतिमा परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत. पक्षी आकाशात असतो. त्याला उभे राहावयास जागा लागत नाही, आणि म्हणूनच त्याच्या दर्शनात त्याची स्वतःची जागा कधी येत नाही. सिंह जमिनीवरून चालतो, काही अंतर गेल्यावर थांबतो, आणि मान वळवून चालून आलेली वाट पाहतो. पहिल्या दर्शनात विस्तार आहे. दुसऱ्यात विस्ताराबरोबर पाहणाऱ्याचा वाटेशी असलेला संबंधही आहे. मेघदूतातील यक्ष मेघाला वाट वाकडी करून उज्जयिनीस जाण्याचा आग्रह करतो. पण तेवढ्याने त्याचे समाधान होत नाही. तेथील प्रासादांच्या माथ्यावर विसावण्याचे सुख सोडू नकोस, असेही तो बजावतो. आकाशगामी मेघालाही नगर कळावयाचे, तर खाली उतरावे लागते, हे कालिदासाने ओळखले होते.

या दोन कल्पना हाताशी धरून एडिंबरो या स्कॉटलंडच्या राजधानीच्या तीन दर्शनांचा येथे विचार करावयाचा आहे. पहिले सर वॉल्टर स्कॉटच्या १८१८ च्या कादंबरीतील. दुसरे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनच्या १८७८ च्या नगरवर्णनातील. आणि तिसरे शब्दांत नव्हे तर दगडाविटांत मांडलेले, म्हणजे पॅट्रिक गेडिस यांनी १८९२ मध्ये हाती घेतलेल्या मनोऱ्याचे. यांपैकी तिसऱ्याचा मुंबई विद्यापीठाशी प्रत्यक्ष संबंध आहे.

२

एडिंबरो हे नगर या प्रश्नाला विशेष अनुकूल का, हे त्याच्या भूरचनेवरून समजते. सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीच्या क्रियेतून येथील किल्ल्याचा खडक, कॅल्टन टेकडी आणि आर्थर्स सीट हे उंचवटे निर्माण झाले. पुढे हिमयुगात पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकणाऱ्या बर्फाने भोवतालचा मऊ खडक खरवडून नेला. किल्ल्याच्या कठीण खडकाच्या आडोशाला मात्र पूर्वेकडे हळूहळू उतरत जाणारी एक सोंड शिल्लक राहिली. जुने नगर या सोंडेवर वसले आहे. वरच्या टोकाला किल्ला आणि खालच्या टोकाला होलीरूडचा राजवाडा, अशी त्याची मांडणी आहे. जागा अरुंद असल्यामुळे घरे आडवी न पसरता उभी वाढली. मजल्यावर मजले चढलेल्या या इमारतींना तेथे 'लँड' म्हणतात. उत्तरेस दरीपलीकडे, जेम्स क्रेग याच्या १७६७ च्या आराखड्याप्रमाणे, सरळ रस्त्यांचे व प्रशस्त चौकांचे नवे नगर उभारले गेले. दोहोंमधील तळे आटवून त्या जागी पुढे बागा झाल्या आणि लोहमार्ग आला.

या रचनेचा एक परिणाम फार महत्त्वाचा आहे. सपाटीवरील नगरात एखादा मनोरा उभारला, तर तो एकटाच पाहणारा आणि बाकी सारे पाहिले जाणारे अशी विभागणी होते. एडिंबरोत आर्थर्स सीट २५१ मीटर, कॅल्टन टेकडी १०० मीटरच्या थोडी वर, आणि मध्ये किल्ला, अशी उंच स्थाने समोरासमोर उभी आहेत. येथले प्रत्येक दर्शनस्थान दुसऱ्या दर्शनस्थानाच्या दृश्याचा भाग आहे. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांची येथे सतत अदलाबदल होते. 'उत्तम कोणते' या प्रश्नाचे उत्तर म्हणूनच येथे केवळ उंचीवर देता येत नाही.

३

स्कॉटचे उत्तर 'द हार्ट ऑफ मिडलोथियन' या कादंबरीच्या आठव्या प्रकरणात येते. १७३६ च्या पोर्टियस दंगलीनंतरच्या पहाटे रूबेन बटलर हा पात्र सॅलिसबरी क्रॅग्ज या अर्धवर्तुळाकार कड्यांच्या पायथ्याने जात असता लेखक कथा क्षणभर थांबवितो आणि सांगतो की, सूर्योदय वा सूर्यास्त पाहण्यासाठी एकच जागा निवडावयाची झाली, तर आपण हीच वाट निवडू. खाली दाटीवाटीने उभे असलेले नगर, पलीकडे बेटांनी भरलेला समुद्राचा फाटा, दुसऱ्या अंगाला सुपीक मैदान व पेंटलंडच्या टेकड्या, असे हे दृश्य आहे.

या उतान्यात दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, स्कॉटने निवडलेले स्थान हा बिंदू नसून वाट आहे. कड्याच्या कडेने वाट वळते, तसतसे दृश्य पावलागणिक बदलते, आणि या बदलण्यातच त्याला सौंदर्य दिसते. दुसरी गोष्ट अशी की, त्याचा निकष विस्ताराचा नसून समयाचा आहे. कोणत्या जागी, यापेक्षा कोणत्या घटकेस, याला तो प्राधान्य देतो. स्वतःच्या तरुणपणी आवडता ग्रंथकार वा नवा अभ्यासविषय हाती असताना आपण या वाटेवर सकाळ-संध्याकाळ फिरत असू, असेही तो नमूद करतो. म्हणजे हे दर्शन चालणाऱ्याचे आहे, आणि त्या मर्यादेत ते सिंहावलोकनाच्या जवळचे आहे.

परंतु स्कॉटच्या दर्शनाची उणीवही याच ठिकाणी प्रकट होते. ती वाट त्या काळी मोडकळीस आली होती आणि तिच्या दुरुस्तीची अपेक्षा कादंबरीत सूचित झाली होती. नंतरच्या आवृत्तीस जोडलेल्या टीपेत स्कॉट समाधानाने सांगतो की, आता तेथे सुंदर व भक्कम रस्ता झाला असून त्याची प्रेरणा आपल्या या उताऱ्यातून मिळाली. हे खरेच आहे. वाङ्मयाने दर्शनस्थान निर्माण केल्याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच सापडेल. मात्र तो रस्ता कोणी बांधला, हे टीपेत येत नाही. १८२० मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिम भागात कामगारांचा उठाव झाला व मोडला गेला. त्यानंतर बेकार विणकरांना काम द्यावे, म्हणून त्यांच्याकडून हा रस्ता बांधून घेण्यात आला, आणि त्या सूचनेमागे स्कॉटचाच हात होता. लोकांनी त्या रस्त्याला 'रॅडिकल रोड' हे नाव दिले. ग्रंथकाराच्या टीपेतून जे सुटले, ते लोकांनी ठेवलेल्या नावात टिकले.

दर्शनस्थानाला इतिहास असतो, आणि तो इतिहास पुष्कळदा दृश्यात नसून पाहणाऱ्याच्या पायाखाली असतो, हा या उदाहरणाचा बोध आहे. स्कॉटने दृश्य पाहिले, वाटही पाहिली. पण वाटेच्या दगडांपर्यंत त्याची दृष्टी गेली नाही.

४

स्टीव्हन्सनकडे वळण्यापूर्वी कॅल्टन टेकडीच्या पूर्वेतिहासातील एक घटना ध्यानात घेतली पाहिजे. १७८७ मध्ये रॉबर्ट बार्कर या चित्रकाराने एका नव्या प्रकारच्या चित्राचे एकस्व मिळविले. वर्तुळाकार दालनाच्या आतल्या भिंतीवर चहूकडचे दृश्य अखंड रंगवावयाचे आणि प्रेक्षकाने मधल्या चौथऱ्यावर उभे राहून ते पाहावयाचे, अशी ही योजना होती. या पद्धतीने त्याने प्रथम दाखविलेले दृश्य म्हणजे कॅल्टन टेकडीवरून दिसणारे एडिंबरो. ते १७८८ मध्ये त्या नगरातच प्रदर्शित झाले. पुढे या प्रकाराला 'पॅनोरामा' हे नाव पडले आणि तो शब्द जगभर रूढ झाला. या योजनेत एक युक्ती होती. चित्राची वरची व खालची कड प्रेक्षकाला दिसू नये, अशी आडोशाची व्यवस्था केलेली असे. कड दिसली की भ्रम मोडतो. म्हणजे संपूर्ण दर्शनाचा आभास निर्माण करण्यासाठी पाहणाऱ्याची स्वतःची जागाच दृष्टीआड करावी लागली. यंत्राच्या साहाय्याने साधलेले हे शुद्ध विहंगमावलोकन होय.

याच टेकडीवर ९० वर्षांनी स्टीव्हन्सन उभा राहतो. 'एडिंबरो : पिक्चरेस्क नोट्स' हे त्याचे लेखन १८७८ मध्ये 'द पोर्टफोलिओ' या मासिकातून प्रसिद्ध झाले व लगेच पुस्तकरूपाने आले. दहा प्रकरणांच्या या छोट्या पुस्तकातील आठवे प्रकरण कॅल्टन टेकडीवर आहे. लेखकाचे वय त्या वेळी अवघे २७-२८ वर्षांचे होते, हे त्यातील प्रौढ निर्णय वाचताना विसरावयास होते.

दृश्यासाठी सर्व जागांत ही टेकडी बहुधा उत्तम, असे स्टीव्हन्सन म्हणतो. आणि त्याने दिलेले कारण अत्यंत मार्मिक आहे. येथून किल्ला दिसतो, जो किल्ल्यावरून दिसत नाही. आणि आर्थर्स सीट दिसते, जी आर्थर्स सीटवरून दिसत नाही. विनोदाच्या आवरणाखाली येथे एक सिद्धान्त सांगितला गेला आहे. प्रत्येक दर्शनस्थान एका वस्तूला हटकून झाकते, आणि ती वस्तू म्हणजे ते स्थान स्वतः होय. तेव्हा उत्तम दर्शनस्थान सर्वांत उंच नसते. जे झाकल्याने सर्वांत कमी हानी होते, ते उत्तम. आर्थर्स सीट टेकडीच्या दुपटीहून उंच आहे, पण तेथे उभे राहणारा नगराच्या सर्वांत भव्य वस्तूला मुकतो. मध्यम उंचीची, किंचित बाजूला असलेली जागा स्टीव्हन्सन पसंत करतो, ती या हिशेबाने.

यापुढचे पाऊल अधिक महत्त्वाचे आहे. जे झाकले जाते त्याचाही हिशेब तो चुकता करतो. बार्करने जी कड लपविली, ती स्टीव्हन्सन प्रकरणाच्या आरंभीच उघडी करतो. दृश्याकडे वळण्यापूर्वी तो टेकडीचेच वर्णन करतो : तिच्यावरील स्मारकांची गर्दी, वेधशाळा, हिरवळीवर चरणाऱ्या मेंढ्या. नेल्सनच्या मनोऱ्याची तो निर्भर्त्सना करतो. १८२२ मध्ये आरंभ झालेले आणि १८२९ मध्ये पैशाअभावी १२ खांबांवर थांबलेले राष्ट्रीय स्मारक पाहून, हे अपुरेपणच राष्ट्राच्या काही गुणांचे उचित स्मारक आहे, असा टोला तो लगावतो. तत्त्वज्ञ ड्यूगल्ड स्ट्युअर्टचे स्मारक कवी बर्न्सच्या स्मारकापेक्षा अधिक दिमाखदार आहे, हे त्याला खटकते. आणि मग त्याची दृष्टी खाली कॅननगेटच्या स्मशानभूमीकडे जाते, जेथे रॉबर्ट फर्ग्युसन हा कवी पुरलेला आहे. १७७४ मध्ये २४ व्या वर्षी वेडाच्या अवस्थेत मरण पावलेल्या या कवीला बर्न्स आपला गुरू मानीत असे. त्याच्या थडग्यावरील शिळाही बर्न्सनेच बसविली. कीर्तीचे वाटप कसे अन्यायाने होते, याचा जणू आराखडाच टेकडीवरून दिसतो. वर दगडी सन्मान, खाली थडगे. उंची हे येथे केवळ पाहण्याचे साधन राहत नाही. ती स्वतःच विचाराचा विषय बनते.

यानंतरचे दिवसाचे वर्णन बारकाईने रचलेले आहे. समुद्रावरून येणारा गार वारा व त्याबरोबर येणारे विरळ धुके यांनी ते सुरू होते. म्हणजे दृश्यापूर्वी दृश्याला पुसट करणारी गोष्ट प्रथम येते. मग तुरुंग, शाळेचे पटांगण, राजवाडा, आर्थर्स सीट, जुन्या नगराची चढत जाणारी छपरे आणि शेवटी किल्ला, असा क्रम आहे. दुपारी १ वाजता जवळच्या मनोऱ्यावर वेळदर्शक चेंडू हलतो आणि त्याच क्षणी दूर किल्ल्यावर तोफ उडते. ही तोफ १८६१ पासून सुरू झाली. स्टीव्हन्सन धूर प्रथम सांगतो व आवाज मागून. किल्ला तेथून सुमारे सव्वा किलोमीटर दूर असल्यामुळे ही वस्तुस्थितीच आहे. पण तिच्यामुळे डोळा आणि कान यांच्यात जे क्षणभराचे अंतर पडते, त्याने दृश्याला खोली येते. रंगविलेल्या पॅनोरामात हे अंतर कधीच येऊ शकले नसते.

आणि मग लेखक एक कबुली देतो, जी नगरवर्णनात फार दुर्मिळ आहे. हे सारे एकत्र बांधणे शब्दांना शक्य नाही. जागेवर उभा असलेला आणि टाचेवर गर्रकन वळणारा माणूसच ते करू शकेल. शिवाय अशा विपुलतेत मन समग्राकडे टिकत नाही. ते एखाद्या झाडाला, एखाद्या गाडीला, एखाद्या खिडकीतल्या आकृतीला चिकटते. पॅनोरामाचा दावा समग्रतेचा होता. स्टीव्हन्सन दाखवितो की, समग्र दर्शनस्थानी उभा राहिलेला माणूसही शेवटी तपशीलच पाहतो. दर्शनस्थानाची थोरवी सर्व काही दाखविण्यात नसून, कोणता तपशील कोणत्या विस्ताराचा आहे, हे जाणवून देण्यात आहे.

रात्रीचे दर्शन हा या प्रकरणाचा कळस होय. काळोखात नगराचा आकार नाहीसा होतो आणि दिव्यांच्या ठिपक्यांतून त्याचा नकाशा पुन्हा उमटतो. पुलावरचे स्थिर दिवे, त्याखालून सरकणारे आगगाडीचे दिवे, तुरुंगातील दिवे, उंच घरांतील दिवे, लीथ बंदराकडे रांगेने उतरत जाणारे दिवे, आणि सर्वांत शेवटी समुद्रात इंचकीथ व मे या बेटांवरील दीपगृहे. येथे एक बाब लक्षात घेण्याजोगी आहे. इंचकीथचे दीपगृह १८०४ मध्ये टॉमस स्मिथ व रॉबर्ट स्टीव्हन्सन यांनी, आणि मे बेटावरील १८१६ मध्ये रॉबर्ट स्टीव्हन्सन याने उभारले. हा अभियंता लेखकाचा आजोबा. इतकेच नव्हे, तर टेकडीच्या दक्षिण अंगाने नगरात शिरणारा, १८१९ मध्ये खुला झालेला नवा रस्ताही त्यानेच आखला होता. ज्या रस्त्याने टेकडीकडे येता येते तो आणि ज्या दिव्यांशी दृष्टी जाऊन थांबते ते, दोन्ही लेखकाच्या घरचे होते. पण प्रकरणात त्याचा उच्चार नाही. स्कॉटच्या टीपेशी या मौनाची तुलना करावी. एकाने रस्त्याचे श्रेय आपल्या परिच्छेदाला दिले; दुसऱ्याने आपल्या कुळाचे श्रेय काळोखातील दोन ठिपक्यांत सोडून दिले.

५

या दर्शनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. मिशेल द सेर्तो या फ्रेंच विचारवंताने १९८० मध्ये न्यूयॉर्कच्या अतिउंच इमारतीवरून दिसणाऱ्या नगराचा विचार करताना असे प्रतिपादन केले की, उंचावरून पाहणारा नगराला वाचता येण्याजोगा मजकूर करून टाकतो आणि खाली चालणाऱ्या माणसांच्या जीवनापासून तुटतो. नगर खऱ्या अर्थाने घडते ते चालणाऱ्यांच्या पावलांनी. ही कसोटी स्टीव्हन्सनला लावली तर काही ठिकाणी तो उणा ठरतो. तुरुंगाच्या अंगणात फेऱ्या घालणाऱ्या बंदिवान स्त्रिया त्याला जोगिणींच्या रांगेसारख्या भासतात. राजवाड्यासमोरील पहारेकरी त्याला पॅनोरामातील यांत्रिक बाहुलीसारखा दिसतो. दुसरी उपमा विशेष बोलकी आहे. ज्या टेकडीवर पॅनोरामाची कल्पना प्रथम साकार झाली, तेथेच उभे राहून लेखक जिवंत माणसाला पॅनोरामातील बाहुली म्हणतो. पहिल्या उपमेचा दोष त्याहून मोठा आहे. जोगीण स्वेच्छेने एकांत पत्करते. बंदिवान स्त्री पत्करत नाही. अंतरामुळे सक्तीचे रूपांतर शोभेत झाले आहे. टेकडीवरून रेखा दिसते, चेहरा दिसत नाही, एवढे म्हणून हा दोष नाहीसा होत नाही.

परंतु एका प्रकरणावरून ग्रंथाचा न्याय करणे हेही समीक्षेला शोभणारे नाही. याच पुस्तकाचे दुसरे प्रकरण जुन्या नगरातील 'लँड' या इमारतींवर आहे. १८६१ च्या नोव्हेंबरमध्ये हाय स्ट्रीटवरील अशी एक इमारत रात्री कोसळली आणि ३५ माणसे मृत्युमुखी पडली. स्टीव्हन्सन या घटनेचे वर्णन करताना उरलेल्या उभ्या भिंतीकडे बोट दाखवितो. मजल्यामजल्यावरची घरे आता आडोशावाचून उघडी पडली आहेत, कोठे चुलीवर किटली तशीच आहे, कोठे राणीचे स्वस्त चित्र भिंतीला चिकटलेले आहे. हेही एक दर्शनस्थान आहे, पण ते रस्त्यावर आहे. आणि येथे दृष्टी खालून वर जाते. नगर उभे कापले गेल्यावर जे दिसते, ते टेकडीवरून दिसणाऱ्या चढत्या छपरांच्या खाली कायम होतेच. त्याचप्रमाणे साउथ ब्रिजवरून खालच्या काउगेटकडे डोकावणे म्हणजे समाजाच्या एका थरातून दुसरा थर निमिषात पाहणे होय, असेही निरीक्षण या पुस्तकात आहे. पुलाची उंची काही हातांचीच. पण तिच्यातून दिसणारे अंतर मोठे आहे.

आठव्या प्रकरणातील छपरे वाचताना दुसऱ्या प्रकरणातील किटली विसरता येत नाही, अशी या पुस्तकाची रचना आहे. वाचक टेकडीवर पोहोचतो तो सात प्रकरणे गल्लीबोळांतून, न्यायालयाच्या चौकातून, ग्रेफ्रायर्सच्या थडग्यांतून चालून आल्यावर. म्हणून टेकडीवरचे दर्शन हे त्याच्या दृष्टीने विहंगमावलोकन राहत नाही. चालून आलेल्या वाटेकडे मागे वळून पाहणे, असे त्याला रूप येते. द सेर्तोने पाहणारा व चालणारा यांना परस्परविरोधी ठरविले; स्टीव्हन्सनने शंभर वर्षे आधी त्यांना क्रमाने एकाच माणसात बसविले. बंदिवान स्त्रियांविषयीची उपमा या युक्तिवादानेही निर्दोष ठरत नाही. पण तिचा दोष ज्या मापाने मोजावयाचा, ते माप याच ग्रंथाने हाती दिले आहे, हे मान्य करावे लागते.

६

गेडिस यांनी हाच प्रश्न वाङ्मयातून काढून शिक्षणाच्या क्षेत्रात नेला. १८८७ च्या सुमारास ते पत्नीसह जुन्या नगरातील जेम्स कोर्ट या दाटीच्या वस्तीत राहावयास गेले होते; १८९२ मध्ये किल्ल्यानजीकचा एक मनोरा त्यांनी घेतला आणि त्याला 'आउटलुक टॉवर' असे नाव दिले. त्याच्या माथ्यावर १८५३ पासून एक अंधारकोठडी-छायायंत्र होते. आरसा व भिंग यांच्या योगाने बाहेरील नगराची हलती, रंगीत प्रतिमा आतल्या पांढऱ्या मेजावर पडत असे. करमणुकीच्या या साधनाचा गेडिस यांनी अध्ययनासाठी उपयोग केला.

या मनोऱ्याची योजना वरून खाली वाचावयाची होती. प्रेक्षकाला प्रथम थेट माथ्यावर नेले जाई. तेथील प्रतिमा व सज्जावरून दिसणारे प्रत्यक्ष नगर पाहून झाले की, एका लहानशा खोलीत त्याला काही क्षण एकटे बसविले जाई; तेथे एक खुर्ची, बाकी काही नाही. मग जिन्याने उतरावयाचे : प्रथम एडिंबरोचे दालन, नंतर स्कॉटलंडचे, त्यानंतर इंग्रजी भाषा बोलणाऱ्या देशांचे, मग युरोपचे, आणि तळमजल्यावर सर्व जगाचे. सामान्य मनोऱ्यावर मनुष्य चढतो, पाहतो आणि पाहिले ते विसरत उतरतो. येथे उतरणे हाच अभ्यास आहे. पाहण्यानंतर मौन आणि मौनानंतर अवरोहण, या क्रमात गेडिस यांचे शिक्षणशास्त्र साठविलेले आहे. दर्शनस्थान उत्तम की नाही हे तेथून काय दिसते यावर नव्हे, तर तेथून उतरल्यावर मनुष्य काय करतो यावर ठरते, असा त्यांचा निकष सांगता येईल.

१९१४ मध्ये गेडिस हिंदुस्थानात आले. त्यांच्या नगररचनेच्या प्रदर्शनाचे साहित्य घेऊन येणारे जहाज त्याच वर्षी एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडविले. तरी साहित्य पुन्हा जमवून त्यांनी काम चालू ठेवले आणि पुढील वर्षांत येथील अनेक नगरांविषयी अहवाल लिहिले. आराखड्यापूर्वी पाहणी आणि जुनी वस्ती सरसकट न पाडता शक्य तितक्या थोड्या छेदाने सुधारणे, ही त्यांची सूत्रे होती. इंदूरविषयीचा त्यांचा अहवाल १९१८ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाला. तेथील दिवाळीच्या मिरवणुकीची हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदविली आहे. मिरवणूक रूढ मार्गाने न जाता, ज्या भागातील लोकांनी घरे व रस्ते स्वच्छ केले असतील त्या भागातून जाईल, असे त्यांनी जाहीर करविले. नगर उंचावरून दाखविणाऱ्या गृहस्थाने येथे नगरालाच स्वतःच्या रस्त्यांतून चालावयास लावले. मनोऱ्याचा अखेरचा जिना जणू इंदूरच्या रस्त्यावर उतरला.

१९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गेडिस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. १९२४ पर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्यानंतर ती धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांनी सांभाळली. एडिंबरोच्या मनोऱ्यावर तयार झालेली दृष्टी अशा रीतीने या प्रदेशातील विद्यापीठीय अध्ययनाच्या आरंभाशी निगडित आहे.

तथापि गेडिस यांच्या योजनेतही एक धोका आहे. मनोऱ्याच्या प्रत्येक मजल्यावर क्षेत्र वाढत जाते आणि माणूस लहान होत जातो. मेजावरील प्रतिमेत रस्त्यावरची माणसे मुंग्यांएवढी दिसतात. ती पाहण्यात जी गंमत आहे, ती पहारेकऱ्याला बाहुली म्हणण्याच्या गमतीहून फारशी निराळी नाही. गेडिस यांना या धोक्यापासून वाचविले ते मनोऱ्याने नव्हे, तर जेम्स कोर्टमधील त्यांच्या वास्तव्याने. जिने उतरून ते ज्या गल्लीत जात, ती त्यांना आधीच ठाऊक होती.

७

तिन्ही दर्शनांची तुलना केली असता असा निष्कर्ष निघतो. स्कॉटने दर्शनस्थानाला गती व समय दिले, पण पायाखालचे श्रम पाहिले नाहीत. स्टीव्हन्सनने दर्शनस्थानाची अटळ अंधता ओळखली, स्वतःची जागा वर्णनात आणली आणि चढण्यापूर्वी चालणे आवश्यक मानले. मात्र अंतराच्या मोहाला तो एकदोनदा बळी पडला. गेडिस यांनी दर्शनाला कृतीची जोड दिली. पण ती जोड ज्या अनुभवाने सार्थ झाली, तो मनोऱ्याच्या बाहेरचा होता. वाङ्मयदृष्ट्या तिघांत स्टीव्हन्सनचे दर्शन श्रेष्ठ मानावे लागते, कारण स्वतःच्या उणिवा मोजण्याचे साधन त्याने स्वतःच पुरविले आहे.

ही चर्चा केवळ ऐतिहासिक नाही. स्टीव्हन्सनने पाहिलेला तुरुंग १९२५ मध्ये बंद झाला व पुढे पाडला गेला. १९३९ मध्ये त्या जागी शासकीय कचेऱ्यांची इमारत उभी राहिली. शाळा १९६८ मध्ये तेथून हलली. एडिंबरोचे जुने व नवे नगर १९९५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, आणि महत्त्वाची दृश्ये झाकली जाऊ नयेत म्हणून नव्या इमारतींच्या उंचीवर नियंत्रण ठेवण्याचे नियम नगरपालिकेने केले. तरीही कॅल्टन टेकडीच्या पायथ्याशी, धातूच्या पट्ट्या गुंडाळल्यासारखी रचना असलेले एक हॉटेल २०२३ मध्ये सुरू झाले आणि त्याच्या आकारावरून मोठा वाद झाला. विणकरांनी बांधलेला रॅडिकल रोड २०१८ मध्ये दरड कोसळल्यानंतर बंद करण्यात आला. दृश्याचे रक्षण कोणी करावयाचे, कोणते दृश्य रक्षणीय आणि कोणाच्या डोळ्यांनी, हे प्रश्न तेथे आता कायद्याचे व पैशाचे झाले आहेत. त्यांची उत्तरे देताना 'उत्तम' या शब्दाचा निकष पुन्हा पुन्हा विचारावा लागणार आहे.

नगरविषयक वाङ्मयाच्या अभ्यासकाला यातून एक कार्यपद्धती मिळते. कोणतेही नगरवर्णन हाती आले असता तीन गोष्टी प्रथम तपासाव्यात : लेखक कोठे उभा आहे, त्या जागेमुळे काय झाकले जात आहे, आणि तेथवर पोहोचणारी वाट कोणी बांधली. वर्णनाच्या सौंदर्याचा विचार त्यानंतर करावा. तसे केल्याने सौंदर्य उणावत नाही. काळोखातील दोन दीपगृहे कोणाची, हे कळल्यावर स्टीव्हन्सनची रात्र अधिकच उजळते.